खुर्ची दाताची, सुई चेहऱ्याची

घरात मुलीचे लग्न महिन्यावर आले की आईला राहिलेली सगळी कामे एकदम आठवतात. पत्रिका, आहेर, ब्लाउजची शिलाई आणि वर्षभर पुढे ढकललेली दाढ. अशीच एखादी पन्नाशीतील बाई रूट कॅनालसाठी दंतवैद्याच्या खुर्चीत आडवी होते. दिवा तोंडावर, तोंड उघडे, अर्धा जबडा भुलीने बधिर. काम संपते. डॉक्टर हातात आरसा देतात आणि म्हणतात, ‘‘दाढेचं झालं, मॅडम. आता लग्नात फोटो निघणार, तर नाकाशेजारच्या या दोन रेषा भरून टाकायच्या का? दहा मिनिटांचं काम आहे. ओठांनाही थोडा आकार देता येईल. तशीही भूल दिलेलीच आहे.’’ बाई आरशात पाहते. त्या रेषा तोवर तिच्या ध्यानातही नव्हत्या. आता तिला दुसरे काही दिसत नाही.

ही बाई काल्पनिक आहे. प्रसंग मात्र अनेकांच्या ओळखीचा असेल. मोठ्या शहरांत आणि आता जिल्ह्याच्या ठिकाणीही दवाखान्याच्या पाटीवर ‘स्माइल डिझाइन’च्या खाली ‘बोटॉक्स व फिलर’ अशी ओळ दिसू लागली आहे. यावरून त्वचारोगतज्ज्ञ, प्लास्टिक सर्जन आणि दंतवैद्य यांच्यात हद्दीचा वाद सुरू आहे. हे काम कोणाचे, यावर तिन्ही बाजू हिरिरीने बोलतात. त्या गदारोळात खुर्चीतल्या बाईचे दोन साधे प्रश्न मागे पडतात. सुई टोचल्यावर काही बिघडले, तर ते ओळखणारे आणि सावरणारे त्या खोलीत कोणी आहे का? आणि ‘हो’ म्हणण्याआधी तिला विचार करायला वेळ मिळाला का?

आधी एक घोटाळा दूर करायला हवा. बोटॉक्स आणि फिलर ही नावे जोडीने घेतली जातात, पण या दोन अगदी वेगळ्या वस्तू आहेत. त्यांचे धोकेही वेगळे आहेत.

बोटॉक्स हे बोट्युलिनम विषाचे एक व्यापारी नाव. खराब झालेले सॉसेज खाऊन होणाऱ्या विषबाधेचे बारकाईने वर्णन जर्मन डॉक्टर युस्टिनस केर्नर यांनी १८२० च्या दशकात केले. सॉसेजला लॅटिनमध्ये ‘बोटुलस’ म्हणतात. नाव त्यावरून आले. हे विष तयार करणारा जिवाणू १८९५ साली बेल्जियममधील एका घटनेनंतर व्हॅन एर्मेंगेम यांनी शोधला. नसेकडून स्नायूला ‘आकुंचन पाव’ असा जो रासायनिक निरोप जातो, तो हे विष अडवते. निरोप पोहोचला नाही की स्नायू ढिला पडतो. भरपूर विष शरीरात गेले तर श्वासाचे स्नायूही ढिले पडतात आणि माणूस दगावतो. अत्यल्प मात्रेत, नेमक्या स्नायूत दिले तर तोच गुण औषध ठरतो.

अमेरिकेतील नेत्रतज्ज्ञ अ‍ॅलन स्कॉट यांनी तिरळेपणावर त्याचा वापर रुजवला आणि १९८९ मध्ये तिथल्या औषध प्रशासनाने तिरळेपणा व पापण्यांच्या आचक्यांसाठी त्याला मान्यता दिली. कॅनडातील कॅरुथर्स दांपत्याच्या लक्षात आले की पापण्यांसाठी हे इंजेक्शन घेणाऱ्यांच्या कपाळावरच्या आठ्याही जातात. त्या वापराला २००२ मध्ये मान्यता मिळाली आणि औषध दवाखान्यातून बाजारात आले. पक्षाघातानंतर आखडलेला हात सैल करण्यासाठी, मेंदूच्या पक्षाघाताने ग्रासलेल्या मुलाचे पाऊल टेकावे म्हणून, वाकडी झालेली मान सरळ व्हावी म्हणून आजही हीच कुपी वापरली जाते. तेव्हा औषध वाईट, असे म्हणण्यात अर्थ नाही.

बोटॉक्सचा परिणाम दोन-तीन दिवसांत सुरू होतो, दोन आठवड्यांत पूर्ण दिसतो आणि तीन-चार महिन्यांत ओसरतो. चूक झाली तर तीही ओसरते. औषध शेजारच्या स्नायूत पसरले तर पापणी खाली येते किंवा हसू वाकडे होते. काही आठवडे ते सोसावे लागते. पण ज्या रुग्णाला मायस्थेनिया ग्रॅव्हिस म्हणजे स्नायू लवकर थकण्याचा आजार आहे, ज्याला अमिनोग्लायकोसाइड गटातील प्रतिजैविके सुरू आहेत किंवा जी स्त्री गरोदर आहे, तिथे हिशेब बदलतो. दाढेच्या दुखण्यासाठी भरलेल्या कागदावर मधुमेह, रक्तदाब, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या यांची विचारणा असते. ‘संध्याकाळी पापण्या जड होतात का?’ हा प्रश्न सहसा नसतो.

फिलर ही वेगळीच गोष्ट. ती भर आहे. बहुतेक फिलर हायल्युरॉनिक अ‍ॅसिडच्या लगद्यासारख्या जेलचे असतात. हा पदार्थ आपल्या त्वचेत आणि सांध्यांत असतोच. कारखान्यात त्याला घट्टपणा देतात, म्हणून तो सहा महिने ते दीड वर्ष टिकतो. हे जेल त्वचेखाली योग्य थरात बसले तर गाल भरतो, रेघ पुसट होते. ते चुकून धमनीत गेले तर बूच बसल्यासारखा रक्तप्रवाह थांबतो. त्या धमनीवर जगणारी त्वचा आधी पांढरी पडते, मग जाळीदार निळसर होते आणि वेळेत उपाय झाला नाही तर मरते. नाकाच्या शेंड्यावर काळा पट्टा आणि पुढे आयुष्यभराचा व्रण, अशी त्याची किंमत असते.

याहून मोठी किंमत डोळा चुकवतो. नाकाच्या बाजूने वर जाणारी चेहऱ्याची धमनी आणि डोळ्याच्या धमनीच्या फांद्या नाकाच्या मुळाशी व कपाळावर एकमेकींना जोडलेल्या असतात. सुई धमनीत असताना पिचकारी जोराने दाबली, तर जेल रक्ताच्या उलट्या दिशेने मागे रेटले जाते. दाब सोडला की ते रक्ताबरोबर पुढे निघते आणि दृष्टिपटलाच्या धमनीत अडकते. दृष्टिपटल रक्ताविना साधारण दीड तास तग धरते. त्यानंतर गेलेली नजर परतण्याची आशा फारच थोडी.

कॅनडातील त्वचारोगतज्ज्ञ बेलेझ्ने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जगभरच्या वैद्यकीय नियतकालिकांतील नोंदी गोळा करून २०१५ मध्ये फिलरमुळे दृष्टी गेल्याची ९८ प्रकरणे मांडली. २०१९ मध्ये आणखी ४८ जोडली. या आकड्यांत स्वतःच्या शरीराची चरबी काढून चेहऱ्यात भरल्याची प्रकरणेही आहेत. धोक्याच्या जागांत भुवयांमधला भाग आणि नाक पुढे होते. नाकापासून ओठाच्या कोपऱ्यापर्यंत येणारी रेघही त्यात होती. म्हणजे लग्नाच्या फोटोसाठी जी रेघ ‘दहा मिनिटांत’ भरायची होती, तीच. जगभर टोचल्या जाणाऱ्या इंजेक्शनांच्या मानाने ही संख्या लहान आहे, हे खरे. पण ही फक्त छापून आलेली प्रकरणे आहेत. शिवाय रुग्ण आजारी नव्हता. त्याला जिवावरचे काही झाले नव्हते. आजार नसलेल्या माणसाला दिलेल्या उपचारात धोक्याचे माप अधिक कडक लावावे लागते.

आता दंतवैद्यांची बाजू. ती हलकी नाही. चेहऱ्याच्या नसा, रक्तवाहिन्या, स्नायू, हाडे यांचा अभ्यास बीडीएसच्या विद्यार्थ्याला सविस्तर करावा लागतो. रोज पाच-दहा रुग्णांच्या तोंडात भुलीची सुई टोचणारा त्याचा हात बहुतेक एमबीबीएस डॉक्टरांच्या हातापेक्षा अधिक सराईत असतो. रात्री दात खाऊन झिजवणाऱ्या रुग्णाच्या जबड्याच्या स्नायूत बोट्युलिनम देणे किंवा हसताना हिरड्या फार दिसत असतील तर वरचा ओठ किंचित सैल करणे, ही कामे दंतवैद्यकाच्या जवळचीच आहेत. आणि एमबीबीएसच्या अभ्यासक्रमातही चेहऱ्यात फिलर कसे टोचावे हे कोणी शिकवत नाही. तेव्हा नुसत्या एमबीबीएस पदवीमुळे कोणी या कामाला लायक ठरतो, हा दावा पोकळ आहे.

मुख व जबडा शल्यचिकित्सेत तीन वर्षांचे एमडीएस केलेल्या डॉक्टरांना तर वेगळेच मोजायला हवे. अपघातात चुराडा झालेला जबडा, दुभंगलेला ओठ, तोंडाचा कर्करोग यांवर ते शस्त्रक्रिया करतात. चेहऱ्याच्या धमन्या त्यांनी पुस्तकात आणि प्रत्यक्ष शस्त्रक्रियेत पाहिलेल्या असतात.

तरीही भुलीच्या सुईचा अनुभव फिलरला जसाच्या तसा लागू पडत नाही. भुलीचे थोडे औषध रक्तवाहिनीत गेले तर ते बहुधा रक्तात मिसळून विरते. फिलर विरत नाही, अडकते. शिवाय दंतवैद्याचा हात तोंडाच्या आतल्या वाटांना सरावलेला असतो. भुवयांमधली किंवा कपाळाची वाट ही नवी वाट आहे. नव्या वाटेवर सराईतपणाच घात करतो, कारण तो भीती घालवतो.

त्यात आणखी एक गोष्ट खास दाताच्या खुर्चीची. तोंड हे जिवाणूंचे घर आहे. दातांवर काम करताना काही जिवाणू रक्तात उतरतात आणि ताज्या फिलरवर जाऊन बसू शकतात. तिथे ते थर धरून राहिले तर महिन्यांनंतरही गाठ, सूज, पू होतो. म्हणून दातांचे काम आणि फिलर यांत साधारण दोन आठवड्यांचे अंतर ठेवावे, असा सल्ला दिला जातो. ‘भूल दिलेलीच आहे, ओठही उरकून घेऊ’ हे वाक्य म्हणूनच गैरसोयीचे आहे. ज्या बैठकीत रूट कॅनाल झाले, ती बैठक फिलरसाठी सर्वांत अयोग्य.

कायद्याची स्थिती पाहू. १९४८ च्या दंतवैद्य कायद्याने दंतवैद्यकाची व्याख्या मानवी दात आणि जबडे यांच्याभोवती बांधली. कपाळावरच्या आठ्या त्यात ओढूनताणूनच बसतात. २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने सौंदर्यविषयक प्रक्रिया व केसांच्या प्रत्यारोपणाबाबत मार्गदर्शक सूचना काढल्या. कार्यशाळेत बसून किंवा यूट्यूबवर पाहून मिळालेले शिक्षण असे काम सुरू करण्यास पुरेसे नाही, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. त्याच वर्षी भारतीय दंत परिषदेने मुख व जबडा शल्यचिकित्सकांना चेहऱ्याच्या सौंदर्य प्रक्रिया करता येतात, अशी भूमिका घेतली. २०२३ मध्ये संसदेने जुन्या कायद्याच्या जागी राष्ट्रीय दंत आयोगाचा कायदा संमत केला. या सगळ्यांत गल्लीतल्या बीडीएस डॉक्टरने शनिवार-रविवारच्या शिबिराचे प्रमाणपत्र भिंतीवर लावून फिलर टोचावे का, याचे रुग्णाला समजेल असे उत्तर मिळत नाही. दोन परिषदा आपापल्या कुंपणाची राखण करतात. मधल्या वाटेवर रुग्ण उभा असतो.

असे शिबिर दंतवैद्य का गाठतात, हेही समजून घ्यायला हवे. देशात तीनशेहून अधिक दंत महाविद्यालये आहेत. त्यांतून बाहेर पडणाऱ्या तरुणांना सरकारी नोकऱ्या मोजक्याच. दवाखाना थाटायचा तर खुर्ची, एक्स-रे यंत्र, जागा या सगळ्यांचे हप्ते. चौकात आधीच चार पाट्या. दात भरून मिळणारा पैसा आणि ओठ भरून मिळणारा पैसा यांत मोठी तफावत. या परिस्थितीत फिलरची वाट धरणारा तरुण डॉक्टर लबाड असतोच असे नाही. बहुधा तो अडचणीत असतो. पण डॉक्टरची अडचण रुग्णाच्या गळ्यात पडू नये, एवढे पाहणे व्यवस्थेचे काम आहे.

ब्रिटनचा अनुभव इथे उपयोगी आहे. तिथे दंतवैद्य ही इंजेक्शने उघडपणे देतात, परिचारिका देतात आणि फिलरच्या बाबतीत तर कोणतीही वैद्यकीय पदवी नसलेले लोकही देत आले. २०१३ मध्ये सर ब्रूस किओ यांच्या समितीने सरकारला सांगितले, की अशी प्रक्रिया करून घेणाऱ्याला मिळणारे संरक्षण बॉलपेन किंवा टूथब्रश विकत घेणाऱ्याहून अधिक नाही. इंग्लंडमध्ये अठरा वर्षांखालील मुलांना केवळ सौंदर्यासाठी बोटॉक्स व फिलर देण्यावर बंदी यायला त्यानंतर २०२१ चा ऑक्टोबर उजाडला. परवाना पद्धतीसाठी अधिकार देणारा कायदा २०२२ मध्ये झाला. बाजार आधी पसरला, नियम मागून धापा टाकत आले. आपल्याकडे बाजार अजून पसरतो आहे. नियम आधी करण्याची संधी अजून हातात आहे.

अमेरिकेतील २०२४ ची घटनाही विसरू नये. एप्रिल महिन्यात तिथल्या आरोग्य यंत्रणांनी कळवले, की बनावट किंवा चुकीच्या हाताने दिलेल्या बोट्युलिनम इंजेक्शनांनंतर ११ राज्यांतील २२ जणांना त्रास झाला आणि त्यांतील ११ जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले. ही इंजेक्शने घरात, स्पामध्ये किंवा अप्रशिक्षित व्यक्तींकडून दिली गेली होती. तो दोष दंतवैद्यांचा नव्हे. पण स्वस्तातली कुपी कुठून आली, हा प्रश्न प्रत्येक दवाखान्याला विचारावा लागेल, एवढे त्यातून कळते.

मग करायचे काय? सरसकट बंदी हे सोपे आणि चुकीचे उत्तर. बंदी आली की सुई दंतवैद्याच्या हातातून निघून ब्युटी पार्लरमध्ये जाईल, म्हणजे आगीतून फुफाट्यात. पदवीचे कुंपण घालण्यापेक्षा कामाची अट घालावी. दोन्ही परिषदांनी एकत्र बसून एकच किमान प्रशिक्षण ठरवावे. त्यात तज्ज्ञाच्या देखरेखीखाली ठरावीक संख्येने प्रत्यक्ष इंजेक्शने आणि गुंतागुंत झाल्यास काय करायचे याची परीक्षा असावी. त्वचारोगतज्ज्ञ असो, एमबीबीएस असो वा बीडीएस, ज्याने ते पूर्ण केले त्याचे नाव सर्वांना पाहता येईल अशा यादीत असावे. भुवयांमधला भाग, कपाळ आणि नाक या जागांवरील फिलर अधिक शिक्षण घेतलेल्यांपुरते राखून ठेवावे.

दुसरी अट कपाटातली. हायल्युरॉनिक अ‍ॅसिडचे फिलर विरघळवणारे हायल्युरॉनिडेज हे औषध आपल्याकडे मिळते. डोळ्याच्या शस्त्रक्रियेत भूल नीट पसरावी म्हणून ते वापरले जाते. ते कपाटात नसेल तर त्या दवाखान्यात फिलर टोचता कामा नये. न विरघळणारे फिलर तर अशा दवाखान्यात नकोतच.

तिसरी अट काळाची. दातांच्या उपचारासाठी आलेल्या रुग्णाला त्याच दिवशी सौंदर्याचे इंजेक्शन देऊ नये. तोंड उघडे ठेवून, दिव्याखाली, बधिर जबड्याने दिलेल्या होकाराला संमती म्हणता येत नाही. दाढेचे दुखणे थांबवणाऱ्या डॉक्टरबद्दल रुग्णाला त्या क्षणी कृतज्ञता वाटत असते. त्या कृतज्ञतेवर दुसरा माल विकणे वैद्यकीच्या नीतीत बसत नाही, मग विकणारा दंतवैद्य असो की त्वचारोगतज्ज्ञ. आणि अठरा वर्षांखाली सौंदर्यासाठी सुई नाहीच.

चौथी गोष्ट नोंदीची. औषधांच्या दुष्परिणामांसाठी आणि वैद्यकीय साधनांच्या अपघातांसाठी देशात गाझियाबादच्या भारतीय औषधसंहिता आयोगामार्फत राष्ट्रीय नोंद यंत्रणा चालते. फिलरमुळे नाक काळे पडलेला रुग्ण रात्री सरकारी रुग्णालयाच्या अपघात विभागात येतो, तेव्हा सुई कुठे टोचली, कोणते जेल, किती, हे सांगणारा कागद बहुधा त्याच्या हातात नसतो. कागद नाही म्हणून उपचाराला उशीर आणि नोंद नाही म्हणून धोरणाला उशीर.

नियम होईपर्यंत वाचकाने स्वतःचे राखणदार व्हावे. सुईला होकार देण्याआधी पाच प्रश्न विचारावेत. हे तुम्ही कुठे, किती दिवस शिकलात? कुपीवरचे नाव, बॅच क्रमांक आणि मुदत दाखवाल का आणि तो स्टिकर माझ्या कागदावर लावाल का? हे फिलर विरघळते का आणि ते विरघळवणारे औषध आत्ता इथे आहे का? रात्री काही झाले तर कोणाचा फोन उचलला जाईल? डोळ्याला काही झाले तर जवळचे नेत्ररुग्णालय कोणते? चांगल्या डॉक्टरला या प्रश्नांचा राग येत नाही. ज्याला राग येतो, त्याच्या खुर्चीतून उठावे.

इंजेक्शननंतर त्वचा पांढरी किंवा जाळीदार निळसर पडली, सुईच्या मानाने फार दुखू लागले तर त्याच तासात डॉक्टरला दाखवावे. दिसायला अंधुक झाले, डोळ्यापुढे अंधारी आली, पापणीमागे जोराची कळ आली, तर सकाळची वाट न पाहता थेट नेत्रतज्ज्ञ असलेल्या रुग्णालयात जावे आणि ‘फिलर घेतले आहे’ हे पहिल्या वाक्यात सांगावे. संकोचाने ते लपवणाऱ्याची मोलाची मिनिटे वाया जातात. बोटॉक्सनंतर काही तासांनी वा आठवड्यांतही गिळायला, बोलायला किंवा श्वास घ्यायला त्रास झाला तर तीही तातडीची वेळ.

आणि त्या खुर्चीतल्या बाईला आरशात दिसलेल्या दोन रेषांविषयी. त्या घालवाव्यात की ठेवाव्यात, हा सर्वस्वी तिचा प्रश्न. त्यावर कोणी नाक मुरडायचे कारण नाही. पण तो निर्णय तिने घरी चहा पिताना, जबडा शुद्धीवर आल्यावर, दोन लोकांना विचारून घ्यावा. दाढेचे काम त्याच दिवशी उरकावे. चेहऱ्याचे काम पंधरा दिवस थांबले तर लग्नाचे काही बिघडत नाही.